पाटावरची केबल

“तुमचे कान धंद्याचे आहेत हो, रसिकाचे नाहीत,” असं मला एका दंतवैद्याने सांगितलं, तेव्हा मी माझ्या बहिणीच्या घरी सोफ्यावर बसून पोहे खात होतो. दिवसभर लोकांच्या तोंडात किर्र किर्र मशीन फिरवणाऱ्या माणसाने मला कानांबद्दल शिकवावं, याचा मला इतका राग आला की मी पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली.

धंद्याचे कान म्हणजे काय, तेही सांगतो. भांडुपला माझा माइक आणि स्पीकर भाड्याने देण्याचा गाळा आहे. तीस वर्षं झाली. पूजा, हळदी, बारशी, मैदानातल्या क्रिकेटच्या टुर्नामेंट, सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा, जिथे माइक बंद पडला तरी कोणाचं काही अडत नाही. इतक्या वर्षांत मी किती मैल वायर पसरली आणि परत गुंडाळली, देव जाणे. गच्चीवरून गच्चीवर टाकली, चिखलातून ओढली, गटारावरून नेली. तुटली तर दातांनी सोलायची, पीळ मारायचा, वर काळी चिकटपट्टी. लांब न्यायची असेल तर जाड घ्यायची आणि सांधा घट्ट ठेवायचा, एवढं शास्त्र मला पुरलं. वायर आवाज नेते किंवा नेत नाही. तिसरा प्रकार असतो हे मला भावोजींच्या घरी कळलं.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. बँकेतून रिटायर झाले आणि कांजूरमार्गला, त्यांची जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. माणूस आयुष्यभर निर्व्यसनी. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, हॉटेलात गेले तरी मसाला डोसा सोडून साधा मागवणार. अशा माणसाला साठीनंतर नाद लागला की त्याला आवरणार कोण? आधी कधी आवरायची वेळच आलेली नसते. गाणं ऐकायचा नाद लागला असता तर मी त्यांना हार घातला असता. त्यांना नाद लागला तो गाणं ज्यातून जातं त्या तारेचा.

आधी मोठे स्पीकर आले, मग अॅम्प्लिफायर आला. इथपर्यंत मी सोबत होतो. चांगल्या स्पीकरने आवाज चांगला येतो, हे माझ्यासारख्या धंद्याच्या कानालाही मान्य आहे. मग अंधेरीहून एक विक्रेता यायला लागला. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ, हातात लाकडी पेटी. पेटीत मखमल आणि मखमलीवर केबल. अंगठ्याएवढी जाड, वरून विणलेलं जाळीदार कापड, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेले प्लग, आणि सोबत नंबर घातलेलं सर्टिफिकेट. आमच्या ताईच्या मंगळसूत्राला सर्टिफिकेट नाही.

केबलवर एक बाण छापलेला होता. मी विचारलं, हा कशाला? विक्रेता म्हणाला, आवाज या दिशेने जायला हवा, उलट लावली तर गाणं कोमेजतं. मी म्हटलं, “अहो, यातून जाणारा करंट सेकंदाला शेकडो वेळा पुढे-मागे होतो. त्याला बाण कसा दिसणार?” तो हसला. लहान मुलाने देवाबद्दल काही विचारल्यावर भटजी हसतात तसं हसला. भावोजी म्हणाले, “तू गप रे जरा.”

मग प्रयोग झाला. आधी जुन्या वायरवर एक ठुमरी. मग पाच मिनिटं उठाठेव करून नवी केबल लावली आणि तीच ठुमरी पुन्हा. भावोजींनी डोळे मिटले. दंतवैद्य, जो मुलुंडहून दर रविवारी ऐकायला यायचा, त्यानेही मिटले. डोळे उघडे होते ते फक्त माझे, म्हणून मला दिसलं की विक्रेत्याने गाणं सुरू करताना आवाजाची कळ आधीपेक्षा केसभर पुढे नेली. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना डाव आहे. जरा मोठ्याने वाजलं की माणसाला ते चांगलं वाजल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक स्पीकर बघायला आलं की मीही तेच करतो, पण मी त्याचं सर्टिफिकेट देत नाही.

“पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय,” भावोजी म्हणाले.

“बाईंच्या ओठांवरची ओल ऐकू येतेय,” दंतवैद्य म्हणाला.

ओठांवरची ओल! मी म्हटलं, “विक्रेत्याने आवाज वाढवलाय.” तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तेराव्याच्या जेवणात लग्नाचा विषय काढला. त्यावर दंतवैद्याने ते धंद्याच्या आणि रसिकाच्या कानांचं वाक्य ऐकवलं. मी म्हटलं, ठीक आहे, मध्ये चादर धरू. मी मागे बसून कधी ही केबल लावतो, कधी ती. तुम्ही ओळखा. दहापैकी दहा ओळखलीत तर मी माझा गाळा विकून हीच केबल विकायला बसतो. कोणी तयार होईना. विक्रेता म्हणाला, परीक्षा म्हटलं की कान आकसतात, रसग्रहण होत नाही. हे मी कॉलेजात म्हणायला हवं होतं, पदवी तरी मिळाली असती.

केबल राहिली. तिच्यामागोमाग तिची चुलत भावंडं आली. भिंतीतल्या सॉकेटपासून अॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी दीड मीटरची एक वेगळी केबल आली, कारण म्हणे विजेत घाण असते आणि ती गाळून घ्यावी लागते. आता विचार करा. वीज येते कुठल्या कुठून, उघड्या रानातून, ॲल्युमिनियमच्या तारांवरून. मग सोसायटीच्या मीटर रूममध्ये येते, जिथल्या उंदरांना वॉचमन नावाने ओळखतो. मग बिल्डरने सगळ्यात स्वस्त कंत्राटदाराकडून भिंतीत घातलेल्या वायरीतून चौदा मजले चढते. आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये तिची आंघोळ होते. बरं, हे सगळं कांजूरला. वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास येतो आणि अख्खा टॉवर खिडक्या लावून बसतो. ती घाण नाकाला कळते, तिच्याबद्दल भावोजींनी सोसायटीला एक पत्र लिहिलं नाही. विजेतली घाण मात्र त्यांना गाण्यात ऐकू यायची.

मग लाकडाच्या छोट्या घोड्या आल्या. केबल जमिनीला टेकली तर जमिनीची थरथर तिच्यात शिरते, म्हणून तिला उचलून धरायला दर वीतभर अंतरावर एक घोडी. त्या टीव्हीच्या कपाटामागे, जिथे कोणी बघतही नाही. ताईने त्यातली एक उचलून देवघरात नेली आणि वर निरांजन ठेवलं. छान बसलं. भावोजींनी तीन दिवस घोडी शोधली.

आता ताईबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं नुसतं टवाळकीचं होईल.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे माणूस ठेवायला पैसे नव्हते, म्हणून लग्न झालेली ही बाई संध्याकाळी घरचं आटपून यायची आणि पदर खोचून माझ्यासोबत गच्चीवर वायर टाकायची. दातांनी वायर सोलायला मी तिच्याकडून शिकलो की ती माझ्याकडून, यावर आमचं अजून भांडण आहे. तिला पन्नाशीनंतर हळूहळू कमी ऐकू यायला लागलं. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या. ती वाफ बघून शिट्ट्या मोजायला लागली. मग दाराची बेल गेली, म्हणून ती दुपारभर लाकडी दार उघडं ठेवून नुसतं जाळीचं लावायची. मग फोन. आणि मग भजन.

टॉवरच्या क्लबहाउसमध्ये मंगळवारी बायकांचं भजन असतं. ताईला गळा होता. पेटी सूर द्यायची तो हिला धड कळेना, ही शेजारचाच पकडायची, आणि टाळ अर्धी मात्रा मागून पडायचा. बायकांनी थोडे मंगळवार चालवून घेतलं. मग एकीने अगदी प्रेमाने म्हटलं, “काकू, तुम्ही मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवा ना.” ताईने ते ओठांवरून वाचलं. पुढच्या मंगळवारपासून तिचा गुडघा दुखायला लागला. इतर सहा दिवस तो गुडघा चौदा मजले चढला असता.

मी तिला घाटकोपरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी कागदावर लिहून दिलं: नीट तपासणी करून घ्या, दोन्ही कानांना मशीन लागेल, उशीर करू नका. तोंडी म्हणाले, न ऐकलेले शब्द डोकं हळूहळू विसरत जातं. फार उशीर केलात तर मशीन लावून आवाज येईल, पण काय बोलले ते कळणार नाही. हे मी घरी येऊन भावोजींना शब्दशः सांगितलं. ते म्हणाले, “हो हो, दिवाळीनंतर बघू.” ताई म्हणाली, “मशीन लावलं की म्हातारी दिसते बाई.” दिवाळी झाली. मग पुढची दिवाळी झाली. कागद टीव्हीच्या कपाटाच्या खणात होता. त्याच्यावर केबलचं सर्टिफिकेट होतं.

तुम्ही म्हणाल, मग भावाने का नाही घेऊन दिलं? मी विचारलं होतं. ताई म्हणाली, नवरा धडधाकट असताना भावाकडून घेऊ? लोक काय म्हणतील? मी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही. खरं सांगायचं तर रविवारी तिथे जाऊन केबलची टिंगल करण्यात मला मजा येत होती. गाळ्यावर परत येऊन मी मित्रांना नक्कल करून दाखवायचो, ओठांवरच्या ओलीची. त्या नकलेत कागद नसायचा.

केबल म्हणे आधी मुरावी लागते. नवी असताना तिच्यातून दोनशे तास गाणं वाहू द्यायचं, मग ती खुलते. लोणचंच जणू. भावोजी सकाळी फिरायला जाताना यंत्र चालू ठेवून जायचे आणि गाणं रिकाम्या खोलीत वाजत राहायचं. ताई शेजारच्या खोलीत मेथी निवडत बसलेली. मी एकदा म्हटलं, “अहो, घरात माणूस आहे, तिला त्रास होत नाही का?”

“हिला?” भावोजी म्हणाले. “हिचा काही प्रश्नच नाही.”

त्यांनी हे वाईट बुद्धीने म्हटलं नाही. सोयीचं आहे, अशा सुरात म्हटलं. त्या दिवशी मी पोहे न खाता उठलो.

मग दसरा आला. आमचे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा व्हायची आणि घरी पाटावर पाना, कात्री, विळी, आईची शिवणाची सुई. नियम कडक: पाटावर गेलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायची नाही. हत्यारालाही वर्षातून एक सुट्टी हवी, असं बाबा म्हणायचे. गिरणी गेली, बाबा गेले, नियम ताईने ठेवला. तिच्या पाटावर विळी असते, शिवणाची कात्री असते, भावोजींचं बँकेतलं पेन असतं, आणि घरात जी वस्तू सगळ्यात जपली जाते ती असते. त्या वर्षी ती कुठली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी संध्याकाळी सोनं द्यायला गेलो तेव्हा मैफल भरलेली होती. दंतवैद्य आलेला, अंधेरीचा विक्रेताही आलेला, त्याच्याकडे पुढच्या पायरीची आणखी एक पेटी. दोनशे तास पुरे झाले होते. पडदे ओढलेले, सगळे डोळे मिटून. बासरी चालू होती. मी दारातच थांबलो.

बासरी थांबली. मग दंतवैद्य म्हणाला, “आज खुलली.” विक्रेत्याने मान डोलावली, “मी म्हटलं होतं ना, दोनशे तास.” भावोजींच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. “वादक श्वास घेतो ना, तो फुंकर घालायच्या आधीचा... तो आज पहिल्यांदा दिसला,” ते म्हणाले. ऐकू आला नाही, दिसला. मी मनात म्हटलं, वाट लागली या माणसाची.

तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून आली. ती हल्ली जरा मोठ्याने बोलते, स्वतःचा आवाज नीट कळत नाही म्हणून. “सोनं वाटायच्या आधी आत पाटाला नमस्कार करून या सगळ्यांनी. मग खीर देते.”

आम्ही आत गेलो. देवघरासमोर पाट, पाटावर तांबडं वस्त्र, त्यावर विळी, कात्री, पेन. आणि मध्यभागी, नीट वेटोळं करून ठेवलेली, सोन्याच्या प्लगांना हळदकुंकू लावलेली, अंगभर झेंडूची फुलं वाहिलेली ती केबल. डाव्या स्पीकरची आणि उजव्या स्पीकरची. दोन्ही.

पहिला वाकला तो दंतवैद्य. तो अर्धवट वाकलेलाच राहिला.

“मग बाहेर काय वाजत होतं?” विक्रेत्याने विचारलं.

मी बाहेर जाऊन टीव्हीच्या कपाटामागे डोकावलो. घोड्यांवर माझी वायर होती. लाल-काळी, पीळ घातलेली, मागच्या वर्षी सत्यनारायणाला मी इथे आणली होती आणि उरलेला तुकडा माळ्यावर टाकून गेलो होतो. मंडपातल्या दिव्यांच्या माळांना जी वापरतात, ती. टोकं दातांनी सोललेली. काम मात्र चोख, सांधा घट्ट. मी तिथेच फरशीवर बसलो आणि पोट धरून हसलो. इतका मी कधी हसलो नसेन. हसता हसता ओरडलो, “दिसला ना भावोजी श्वास? माळेच्या वायरमधून दिसला!”

विक्रेता सावरला. मानलं पाहिजे, त्या जमातीला बुद्धी असते. म्हणाला, “कसं आहे सर, सिस्टम एकदा त्या पातळीला गेली की साधी वायरही थोडा वेळ ती पातळी धरून ठेवते.” दंतवैद्याने लगेच मान हलवली. माझी खात्री आहे, त्याला स्वतःला आपण का हलवतोय हे कळत नव्हतं. दोघांनी खीरही न खाता चपला घातल्या.

भावोजी मात्र ताईवर उखडले. तिच्यासमोर उभे राहून, हातवारे करत. “मला न विचारता काढलीस? कुंकू लावलंस प्लगला? विचारायचं तरी!”

ताई त्यांच्या ओठांकडे बघत होती. पूर्ण वाक्य होईपर्यंत थांबली.

“विचारलं की,” ती म्हणाली. “सकाळी. तुम्ही गाणं ऐकत होतात. म्हटलं, तुमची ती केबल पाटावर ठेवू का, आज तिला सुट्टी. तुम्ही हूं म्हणालात. मग पाहुणे येणार, गाणं कसं बंद ठेवायचं, म्हणून माळ्यावरची वायर लावली.” आणि मग अगदी साधेपणाने म्हणाली, “मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं.”

माझं हसू तिथेच थांबलं. भावोजी खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि ताई आम्हा दोघांसाठी खीर वाढायला आत गेली. मी कपाटाचा खण उघडला, सर्टिफिकेट बाजूला सारलं आणि डॉक्टरांचा कागद काढून त्यांच्या खिशात घातला. शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी. त्यांनी तो बाहेर काढून परत दिला नाही.

चार दिवसांनी आम्ही तिघं घाटकोपरला गेलो. रिक्षात मी पुढच्या रविवारी काय काय ऐकवायचं याची मनात जुळणी करत होतो. भावोजींना मी सहजासहजी सोडणार नव्हतो, इतकी वर्षं ऐकून घेतलं होतं. ताई नवी साडी नेसली होती आणि गुडघ्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

तपासणीची खोली म्हणजे भिंतींना जाड स्पंज लावलेली एक छोटी केबिन, तिला काचेची खिडकी. ताईला आत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन. तपासणारी मुलगी बाहेर यंत्रासमोर बसली. तिने ताईला हातवारे करून सांगितलं, “मावशी, टूं असा आवाज आला की बोट वर करायचं. अगदी बारीक आला तरी. नाही आला तर नाही करायचं.” ताईने मान डोलावली. माझ्याकडे बघून आमच्या घरच्या मालवणीत म्हणाली, “ऐकाक येयत नाय तर नाय म्हणान सांगतलंय. खोटा कित्याक सांगू?” आणि दार बंद झालं.

मुलगी बटण दाबायची तेव्हा यंत्रावर एक छोटा हिरवा दिवा लागायचा. आवाज फक्त ताईच्या कानात. दिवा लागला, ताईचं बोट वर. पुन्हा दिवा, पुन्हा बोट. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, डॉक्टरांनी उगाच घाबरवलं. मुलगी आवाज कमी करत गेली, दिवा लागला की बोट वर, प्रत्येक वेळी, जरासुद्धा न चुकता. मुलीच्या कपाळाला आठी पडली. तिने कागद बघितला, यंत्र बघितलं, आणि मग मान वळवून आमच्याकडे बघितलं.

तेव्हा मीही बघितलं. भावोजी तिच्या मागे उभे होते, यंत्र दिसेल असे आणि काचेतून ताईला दिसतील असे. हिरवा दिवा लागला की त्यांचं उजव्या हाताचं बोट, छातीशी धरलेलं, हळूच वर व्हायचं. आणि आत ताई, नजर त्यांच्यावर लावून बसलेली, तिचं बोट वर करायची. त्यांना ते आपण करतोय हे कळत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ताईला तर नक्कीच कळत नव्हतं. चाळीस वर्षं त्या माणसाकडे बघून ती सगळं ओळखत आलेली, हेही तसंच ओळखलं.

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, धारदार होते. ते तसेच ठेवून मी काचेकडे वळलो.

मुलगी रागावली नाही. ती आत गेली, ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि खुर्ची फिरवून तिचं तोंड भिंतीकडे केलं. परत येऊन बसली. बटण दाबलं. दिवा लागला. ताईचा हात मांडीवर होता, मांडीवरच राहिला. मुलीने आवाज वाढवला. दिवा लागला. काही नाही. आणखी वाढवला. आम्हाला ताईची पाठ दिसत होती, अंबाडा दिसत होता, नव्या साडीची घडी दिसत होती. ती अगदी ताठ, लक्ष देऊन बसली होती. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुली बसतात तशी. दिवा लागत होता आणि विझत होता. इकडे भावोजींचं बोट अजूनही प्रत्येक दिव्याला वर होत होतं.

मग ते थांबले. मुलीच्या खुर्चीच्या पाठीला धरून वाकले आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, “बाळा, ती हेडफोनची वायर एकदा बघतेस का? सैल असेल. वायर खराब असली की असं होतं.”

“वायर ठीक आहे काका,” ती म्हणाली. “सकाळीच तपासलीय.”

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं मी वायरी टाकतो, मला विचारावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं होतं. मी काचेला नाक लावून बघितलं. वायर नवी होती, प्लग शेवटपर्यंत बसलेला होता, कुठे पीळ नाही, कुठे ताण नाही. मी बघत राहिलो. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी मनापासून म्हटलं, देवा, वायरच खराब असू दे.